टूल तुटल्याचे ओळखणारी चिप : एफपीजीएवर केलेल्या कामाचा अनुभव

व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, ८,००० आरपीएमने फिरणाऱ्या स्पिंडलची (टूल फिरवणाऱ्या दांड्याची) एक फेरी ७.५ मिलिसेकंदांत पूर्ण होते. त्यात चार धारांची एंडमिल (धातू कापणारे टूल) बसवलेली असेल, तर साधारण दर १.९ मिलिसेकंदांनी एक धार धातूला लागते. ही एंडमिल चालू कामात तुटली, तर मशीन चालवणाऱ्या सीएनसी कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळी वाचत राहतो, टूल नसलेला होल्डर जॉबवरून (घडवायच्या भागावरून) फिरवून आणतो आणि मग पुढचे टूल, समजा आटे पाडणारा टॅप, जिथे धातू अजून शिल्लक आहे किंवा तुटलेला तुकडा रुतून बसला आहे अशा जागी घुसवतो. त्यामुळे नुकसान एका टूलवर थांबत नाही. टॅप जातो, जॉब जातो आणि कधीकधी जॉब धरणाऱ्या फिक्स्चरलाही मार बसतो. मोठ्या टूलच्या बाबतीत स्पिंडलवरचा भार मोजून हे ओळखता येते. परंतु ३ मिलिमीटरच्या ड्रिलला लागणारी ताकद स्पिंडल नुसता फिरवायला लागणाऱ्या ताकदीपुढे इतकी किरकोळ असते, की ते ड्रिल तुटले तरी भाराच्या आकड्यात काहीच उमटत नाही.

भोसरीतील एका लहान जॉब शॉपने ही अडचण आमच्यापुढे मांडली. तिथे अनेक वर्षे मशीन चालवणारे एक काका मला पहिल्याच भेटीत म्हणाले, “ताई, टूल तुटलं की आवाज बदलतो, ते आम्हाला कानाला कळतं. पण हात बटणापर्यंत जाईस्तोवर जॉब गेलेला असतो.” माझ्या पुढच्या सगळ्या कामाची व्याख्या या दोन वाक्यांत आली होती. ओळखण्याजोगी खूण आवाजात आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. प्रश्न ती खूण ठरलेल्या वेळेच्या आत ओळखण्याचा होता.

धातूला तडा जातो किंवा तो तुटतो, तेव्हा त्यात साठलेली ऊर्जा अतिशय उच्च वारंवारतेच्या ताणलहरींच्या रूपाने बाहेर पडते. वीस-तीस किलोहर्ट्झपासून सुमारे १ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेल्या या लहरींना अकॉस्टिक एमिशन म्हणतात. मशीनची बेअरिंगे, पंप आणि पंखे यांचा गोंगाट बहुतांशी याच्या पुष्कळ खाली असतो, ही त्यातली मोठी सोय आहे. म्हणून आम्ही १०० ते ४०० किलोहर्ट्झ हा पट्टा निवडला. मात्र ४०० किलोहर्ट्झपर्यंतचा संकेत पकडायचा म्हणजे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास नमुने घ्यायचे, त्यातला एकही न गाळता प्रत्येकावर प्रक्रिया करायची आणि निष्कर्ष मिलिसेकंदांच्या हिशेबात मशीनला कळवायचा, असे काम अंगावर येते.

साध्या संगणकाला एवढी गणिते जड नाहीत. अडचण वेगळीच आहे. लिनक्ससारख्या सर्वसाधारण कार्यप्रणालीत आपला प्रोग्रॅम नेमका कोणत्या क्षणी चालवला जाईल, याची हमी मिळत नाही. सरासरी वेळ उत्तम असते, पण मध्येच कुठेतरी दुसरे काही काम पुढे येते आणि उत्तर काही मिलिसेकंद उशिरा बाहेर पडते. टूल तुटण्याची घटना तर दिवसातून एखादीच घडते, आणि ती सरासरीच्या सोयीने घडत नाही. मला वेगापेक्षा वेळेची खात्री हवी होती. एफपीजीएची निवड मी त्यासाठी केली, आणि हा फरक मनात स्पष्ट असल्यामुळे पुढचे अनेक निर्णय सोपे झाले.

एफपीजीए म्हणजे पुन्हा पुन्हा नव्याने जोडता येणारी चिप. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या एक्ससी२०६४ या पहिल्या चिपमध्ये ६४ तर्कखंड होते. मी वापरलेल्या पिंक झेड-२ बोर्डावरील झिंक ७०२० या चिपमध्ये सहा निविष्टींची (इनपुटांची) ५३,२०० लुकअप टेबले आहेत. असे प्रत्येक टेबल म्हणजे ६४ बिटांची एक छोटी स्मृती असते. सहा तारांवरून कोणता आकडा आला, त्यानुसार त्या जागेवरचा बिट बाहेर जातो. म्हणजे सहा निविष्टींचा कोणताही तार्किक नियम त्या ६४ बिटांत लिहून ठेवता येतो. ही टेबले, त्यांना जोडणाऱ्या तारांचे स्विच, गुणाकारासाठी खास घडवलेले २२० डीएसपी खंड आणि प्रत्येकी ३६ किलोबिटांचे १४० स्मृतिखंड असा सगळा पसारा सुमारे ४ एमबीच्या एका फाइलने जोडला जातो. वीज गेली की ही जोडणी पुसली जाते आणि मशीन सुरू होताना ती पुन्हा भरावी लागते. त्याच चिपवर ६५० मेगाहर्ट्झवर चालणारे दोन एआरएम प्रोसेसरही आहेत. त्यांच्यावर लिनक्स चालते. मी त्यांच्याकडे नोंदी ठेवणे, आलेख दाखवणे आणि सेटिंग बदलणे एवढीच कामे ठेवली. टूल तुटले की नाही, हा निर्णय त्यांच्या वाटेने जाऊच द्यायचा नाही, हे पहिल्या आराखड्यातच ठरले होते.

सेन्सर पायझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबाचे विजेत रूपांतर करणाऱ्या, जातीचा होता. तो जॉब पकडणाऱ्या वाईसच्या बाजूला स्क्रूने घट्ट बसवला आणि दोन पृष्ठभागांमध्ये ग्रीसचा पातळ थर दिला, कारण या वारंवारतेला हवेची बारीकशी फटही लहर अडवते. सेन्सर नीट बसला आहे की नाही, हे तपासण्याची एक रूढ पद्धत आहे, आणि मला ती फार आवडते. ०.५ मिलिमीटरच्या क्लच पेन्सिलचे शिसे थोडे बाहेर काढायचे, धातूवर तिरके टेकवायचे आणि दाबून तोडायचे. ते तुटताना दाब एकदम सुटतो आणि दर वेळी जवळजवळ सारखीच ताणलहर निघते. वाईसवर, जॉबवर, टेबलाच्या कडेवर अशा वेगवेगळ्या ठिकाणी शिसे मोडून पडद्यावर उमटणाऱ्या लहरींची उंची आम्ही लिहून ठेवली. वाईसच्या हलत्या जबड्याकडून येणारी लहर स्थिर जबड्याकडून येणाऱ्या लहरीपेक्षा बरीच क्षीण होती. मधल्या सांध्यांत तिचा जोर जात होता. त्यामुळे सेन्सरची जागा स्थिर जबड्याकडे कायम झाली. काका सुरुवातीला हे सारे कुतूहलाने पाहत होते. मग त्यांनीच पेन्सिल हातात घेतली आणि आम्हाला न सुचलेल्या जागा दाखवल्या.

संकेताचे आकड्यांत रूपांतर करण्यासाठी झिंकच्या आतच १२ बिटांचा कन्व्हर्टर आहे. सेन्सर आणि तो यांच्या मध्ये प्रवर्धक व वरच्या वारंवारता गाळणारा लो-पास फिल्टर बसवला. या कन्व्हर्टरला एका नमुन्यासाठी त्याच्या घड्याळाचे २६ ठोके लागतात. चिपचे मुख्य क्लॉक (घड्याळ) १०० मेगाहर्ट्झ ठेवले आणि त्याला ४ ने भागले, तर कन्व्हर्टरला २५ मेगाहर्ट्झ मिळतात आणि सेकंदाला सुमारे ९,६१,५०० नमुने येतात. पूर्ण दहा लाख हवे असतील, तर मुख्य क्लॉक १०४ मेगाहर्ट्झ करावे लागते. ती खटपट करण्याचे कारण नव्हते, कारण ४८० किलोहर्ट्झपर्यंतची मर्यादा आमच्या पट्ट्याला पुरेशी होती. या हिशेबातून जो आकडा हाती आला, तो मात्र मी वहीत ठळक लिहिला : एका नमुन्यामागे क्लॉकचे १०४ ठोके. म्हणजे एक नमुना आल्यापासून दुसरा येईपर्यंत एक गुणक १०४ गुणाकार करू शकतो. पुढे कुठल्याही टप्प्यावर किती हार्डवेअर खर्च करायचे, हे याच आकड्यावरून ठरत गेले.

पहिला टप्पा १०० किलोहर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकणाऱ्या फिल्टरचा होता. ६३ गुणांकांचा सममित फिल्टर घेतला, तर दोन्ही टोकांकडचे नमुने आधी बेरजेने एकत्र करून ३२ गुणाकारांत काम भागते; डीएसपी खंडात गुणकाच्या आधी एक बेरीजयंत्र असते ते याच कामाला येते. ३२ गुणाकार आणि हाताशी १०४ ठोके, म्हणजे एका डीएसपी खंडावर फिल्टर बसला. यात सांगण्यासारखे आणखी काही नाही. हा भाग जसा कागदावर होता तसाच चिपवर चालला.

खरा विचार संकेतातल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या फूरिये रूपांतराच्या टप्प्यावर करावा लागला. आम्ही ५१२ नमुन्यांची चौकट घेतली आणि प्रत्येक नवी चौकट आधीच्या चौकटीवर अर्धी चढवली, म्हणजे दर २५६ नमुन्यांनी, सुमारे ०.२७ मिलिसेकंदांनी, एक नवा वर्णपट तयार होतो. ५१२ बिंदूंच्या रूपांतरात बेरीज-वजाबाकीचे ९ टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर संख्या दुप्पट होऊ शकते. संगणकावर फ्लोटिंग पॉइंटमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चिपवर मात्र प्रत्येक संख्येसाठी किती तारा ओढायच्या, हे आपण सांगायचे असते. सगळी वाढ सामावून घ्यायची तर आकडे ९ बिटांनी रुंदावतात आणि त्याबरोबर स्मृती व गुणकही वाढतात. प्रत्येक टप्प्यावर निम्मे करत गेले तर रुंदी कायम राहते, परंतु गोंगाटासारखा पसरट संकेत प्रत्येक टप्प्यावर सरासरी अर्ध्याच बिटाने वाढत असल्यामुळे त्याचे तळाचे बिट विनाकारण झडून जातात. शांत कटिंग आणि नुसते फिरणे यांतला फरक नेमका त्याच तळाच्या बिटांत होता.

यावर ब्लॉक फ्लोटिंग पॉइंट हा मधला मार्ग आहे. प्रत्येक टप्प्यानंतर चौकटीतली सर्वांत मोठी संख्या पाहायची, गरज असेल तरच सगळ्यांना एकदम सरकवायचे आणि एकूण किती वेळा सरकवले याची नोंद म्हणून पूर्ण चौकटीसाठी एकच घातांक ठेवायचा. पुढे आम्ही ऊर्जेचा लॉगॅरिदम घेत असल्यामुळे हा घातांक हाताळायला वेगळे यंत्र लागले नाही : २ च्या पायाच्या लॉगॅरिदममध्ये त्याची दुप्पट मिळवली की काम झाले. एका टप्प्याची गैरसोय पुढच्या टप्प्यात एका बेरजेत विरघळून जाते, तेव्हा आराखडा योग्य वाटेवर आहे असा विश्वास येतो.

लॉगॅरिदमची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण हार्डवेअरचा विचार कसा चालतो हे तिच्यात चांगले दिसते. सॉफ्टवेअर लायब्ररीतले तयार लॉगॅरिदम फंक्शन चिपवर उतरवले असते, तर त्याने उरलेल्या सगळ्या रचनेएवढी जागा मागितली असती. परंतु द्विमान (बायनरी) संख्येत सर्वांत डावीकडचा १ कोणत्या स्थानावर आहे, तोच २ च्या पायाच्या लॉगॅरिदमचा पूर्णांक असतो. आणि त्या १ च्या उजवीकडचे बिट जसेच्या तसे अपूर्णांक म्हणून वाचले, तर त्यात येणारी चूक कधीही ०.०८६ पेक्षा जास्त होत नाही. ही युक्ती जॉन मिचेल यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. तिला गुणाकार लागत नाही, सारणी लागत नाही. फक्त स्थान शोधायचे आणि बिट सरकवायचे. आमच्या कामात या चुकीने काहीच बिघडत नव्हते, मात्र एका अटीवर : शेवटी निर्णय देणाऱ्या न्यूरल नेटवर्कला (नोंदींवरून शिकणाऱ्या गणिती रचनेला) शिकवतानाही हाच अंदाजी लॉगॅरिदम द्यायला हवा. संगणकावर अचूक लॉगॅरिदम देऊन शिकवायचे आणि चिपवर अंदाजी द्यायचा, असे केले तर नेटवर्कने कधी न पाहिलेल्या आकड्यांवर त्याचा निर्णय मागितल्यासारखे होते.

म्हणून चिपवरच्या प्रत्येक टप्प्याची पायथनमध्ये एक तंतोतंत प्रतिकृती लिहिली, जी पूर्णांकांवरच चालते आणि प्रत्येक ठिकाणी चिपइतकेच बिट ठेवते. बोर्डावरून कच्चे नमुने स्मृतीत साठवायचे, तेच नमुने प्रतिकृतीतून आणि चिपच्या रचनेतून पाठवायचे आणि दोन्ही उत्तरे बिटाबिटाने ताडून पाहायची, हा परिपाठ शेवटपर्यंत सोडला नाही. “जवळपास सारखे” हे उत्तर मी मान्य करत नव्हते. दोन उत्तरांत एका बिटाचा फरक आला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढचे काम थांबत असे. या ताडणीतून एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. सी++ मध्ये वर्तन लिहून त्यातून हार्डवेअर तयार करणाऱ्या साधनात फिक्स्ड-पॉइंट संख्यांचे दोन गुणधर्म मुळात ठरलेले असतात : जादा बिट कापून टाकले जातात, आणि संख्या मर्यादेबाहेर गेली तर ती गुंडाळून दुसऱ्या टोकाला जाते, म्हणजे मोठी धन संख्या एकदम ऋण होते. शांत कटिंगच्या नोंदींवर हे कधीच दिसले नसते. ते दिसले पेन्सिल मोडण्याच्या सर्वांत जोरदार लहरींवर. टूल तुटण्याचा क्षण हाच सर्वांत मोठ्या आकड्यांचा क्षण असतो. तिथे संख्या गुंडाळली गेली, तर सर्वांत मोठी घटना चिपला सर्वांत लहान वाटेल. आकडा मर्यादेला पोहोचला की तिथेच थांबवणारी संपृक्त बेरीज जिथे-जिथे आवश्यक होती तिथे सांगून घेतली. त्यासाठी थोडी जागा जास्त लागते, ती आनंदाने द्यावी.

शिकवण्यासाठी नोंदी गोळा करणे हे काम संयमाचे होते. कटिंगच्या नोंदी हव्या तेवढ्या मिळतात, तुटण्याच्या मात्र सहज मिळत नाहीत आणि नवी कार्बाइडची टूले मुद्दाम तोडणे कोणालाच परवडत नाही. शॉपच्या मालकांनी धार गेलेल्या टूलांचा ट्रे आमच्या स्वाधीन केला आणि दुपारच्या सुट्टीत एक मशीन मोकळे करून दिले. घासलेली ३ मिलिमीटरची ड्रिले फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवत नेली की तुटतात. त्या नोंदी पाहताना ध्यानात आले, की तुटण्याच्या लहरीसारख्याच दिसणाऱ्या लहरी रोजच्या कामातही भरपूर येतात. टूल जॉबमध्ये प्रथम शिरते तेव्हा एक ठोसा बसतो, कीस अडकून सुटतो तेव्हा दुसरा बसतो. एकट्या चौकटीकडे पाहून यांतला फरक सांगता येत नाही. फरक नंतरच्या काळात असतो : टूल शिरल्यावर कटिंगचा सलग आवाज सुरू होतो, तर तुटल्यावर तो नाहीसा होतो किंवा त्याचा पोत बदलतो. काकांचा कान नेमके हेच ऐकत होता. म्हणून १०० ते ४०० किलोहर्ट्झच्या पट्ट्याचे १६ भाग केले, प्रत्येक भागात वर्णपटाच्या १० बिंदूंची ऊर्जा एकत्र केली आणि लागोपाठच्या ८ चौकटी एकत्र करून १२८ आकड्यांची निविष्टी ठरवली. एवढ्यात सुमारे २.४ मिलिसेकंदांचा काळ येतो.

नेटवर्क लहान होते : १२८ निविष्टी, मग ३२ आणि १६ एककांचे दोन थर, आणि शेवटी तीन उत्तरे, म्हणजे कटिंग चालू, टूल मोकळे फिरत आहे, टूल तुटले. एका निर्णयाला ४,६५६ गुणाकार लागतात. क्यू-केरास हे साधन वापरून ८ बिटांच्या वजनांसह (नेटवर्कने शिकलेल्या आकड्यांसह) ते शिकवले. यात शिकण्याच्या काळातच वजने ८ बिटांत बसवली जातात, त्यामुळे नंतर बिट कापल्यावर येणारी घसरण टळते. मग ते चिपवर कसे उतरवायचे, हा प्रश्न आला. न्यूरल नेटवर्कचे चिपच्या रचनेत रूपांतर करणारे एचएलएस-फोर-एमएल हे साधन २०१८ पासून उपलब्ध आहे आणि ते ज्या गरजेतून जन्मले ती विलक्षण आहे : सर्न या युरोपीय संशोधन केंद्राच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांसमोर येतात आणि त्यातली कोणती घटना जपून ठेवायची, हे पहिल्या पायरीवर काही मायक्रोसेकंदांत ठरवावे लागते. तिथे प्रत्येक गुणाकाराला स्वतःचे हार्डवेअर देण्याला फारसा पर्याय नसतो. आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या अद्ययावत यंत्रणेत ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टीचा संकेत सतत वाहत असतो आणि त्यावरची पहिली प्रक्रिया एफपीजीएवर होते. तिथलाही हिशेब असाच कडक असतो.

आमचा हिशेब तसा नव्हता. पूर्ण समांतर रचना केली असती, तर पहिल्याच थराला ४,०९६ गुणक लागले असते आणि चिपवर डीएसपी खंड २२० आहेत. एकच हार्डवेअर पुन्हा पुन्हा वापरायला सांगून हा आकडा खाली आणता येतो आणि साधनात तशी सोय आहे. परंतु मी आधी ठोके मोजले. दोन निर्णयांच्या मध्ये २५६ नमुने येतात आणि प्रत्येक नमुन्यामागे १०४ ठोके, म्हणजे २६,६२४ ठोके. गुणाकार ४,६५६. एकच गुणक, दर ठोक्याला एक गुणाकार करत, सगळे नेटवर्क पार पाडून जवळपास पाचपट वेळ शिल्लक ठेवतो! तेव्हा तयार साधन बाजूला ठेवून एका गुणकाची साधी रचना स्वतः लिहिली. वजने स्मृतिखंडात ठेवली. सगळी मिळून ती सुमारे ३७ किलोबिट भरतात. एका निर्णयाला या रचनेत सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात. २०० गुणक कामाला लावून तो वेळ एक-दोन मायक्रोसेकंदांवर आणता आला असता, पण २.४ मिलिसेकंदांचा आवाज ऐकल्याशिवाय निर्णयच घेता येत नसेल, तर त्या बचतीचा मशीनला काही उपयोग नव्हता. न्यूरल नेटवर्क एफपीजीएवर नेले की ते शक्य तितके समांतर करायचेच, अशी एक समजूत आढळते. माझ्या मते समांतरता हा खर्च आहे आणि तो नमुने ज्या गतीने येतात ती पाहून करावा.

रचना तर्काने बरोबर असली तरी ती ठरलेल्या क्लॉकवर चालेलच असे नाही. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे एका रजिस्टरमधून (आकडा ठोक्यापुरता धरून ठेवणाऱ्या जागेतून) निघालेला संकेत मधल्या सगळ्या तर्कातून जाऊन १० नॅनोसेकंदांच्या आत दुसऱ्या रजिस्टरपर्यंत पोहोचायला हवा. रचना चिपवर बसवणाऱ्या विवाडो या साधनाच्या अहवालात सुरुवातीला एक वाट १ नॅनोसेकंदाहून अधिक उशीर करत होती. ती वाट लॉगॅरिदमच्या भागातली होती : वर्ग, बेरीज आणि डावीकडचा १ शोधणे ही तिन्ही कामे एकाच ठोक्यात सांगितलेली होती. अहवालात आणखी खाली गेले, तर असे दिसले की त्या वाटेवरचा निम्म्याहून अधिक वेळ तर्कात जात नव्हता, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणाऱ्या तारांत जात होता. ५३,२०० टेबलांच्या या शहरात अंतर ही खरी गोष्ट आहे. त्या तीन कामांच्या मध्ये रजिस्टरे घालून ती तीन ठोक्यांत वाटून दिली आणि वाट वेळेत बसली. उत्तर दोन ठोके उशिरा येते, म्हणजे २० नॅनोसेकंद. त्याची किंमत शून्यच.

निर्णयाची तार चिपमधून सरळ ऑप्टोकपलरकडे (प्रकाशाने संकेत पोहोचवणाऱ्या भागाकडे) आणि तिथून कंट्रोलरच्या २४ व्होल्टच्या इनपुटला दिली, जे फीड होल्ड लावते, म्हणजे टूलची पुढची चाल थांबवते. इथे रिले वापरला नाही, कारण रिलेचा संपर्क जुळायलाच काही मिलिसेकंद जातात आणि मग मागच्या सगळ्या काटकसरीला अर्थ उरत नाही. मशीनवर मोजणी केली तेव्हा आमच्या बाजूचा वेळ दर वेळी सारखाच आला : लहर संपूर्ण ऐकून निर्णय तारेवर येईपर्यंत तीन मिलिसेकंदांच्या आत. त्यात नोंदी लिहिणे चालू असो वा नसो, लिनक्सवर कोणी आलेख उघडून बसलेले असो वा नसो, ठोक्याचाही फरक पडला नाही. बाकी जो वेळ लागत होता, तो कंट्रोलरने इनपुट वाचण्यात आणि अक्षांनी वेग कमी करून थांबण्यात जात होता. तिथे माझा हात पोहोचत नाही, आणि टूल वाचवण्याचा दावा आम्ही कधी केलाही नाही. तुटलेले टूल तुटलेलेच असते. त्याच्या मागून येणारा टॅप आणि जॉब वाचावा, एवढे मागणे होते, आणि ते पुरे होत आहे. थंडाव्याचे पाणी एकदम सुरू होते त्या क्षणी पहिल्या काही दिवसांत खोटे इशारे येत होते. त्या क्षणांच्या नोंदी शिकवणीत घातल्यावर ते बंद झाले.

कास्ट आयर्नवर शिकवलेले नेटवर्क ॲल्युमिनियमवर तितके विश्वासाने बोलत नाही, ही आताची मुख्य मर्यादा आहे. धातू बदलला की कटिंगचा पोतच बदलतो. यासाठी प्रत्येक वेळी नवी रचना भरण्याची गरज नाही, कारण वजने स्मृतिखंडात असल्यामुळे एआरएम प्रोसेसर ती चालू मशीनवर, दोन टूलांच्या अदलाबदलीच्या वेळेत, सहज बदलू शकतो. एका गुणकाची सुटसुटीत रचना निवडल्याचा हा दुसरा फायदा. वजने तर्कात कोरून टाकली असती, तर प्रत्येक धातूसाठी पूर्ण फाइल नव्याने घडवावी लागली असती. सध्या प्रत्येक धातूसाठी आणि टूलच्या व्यासासाठी वजनांचा वेगळा संच तयार करत आहोत, आणि कोणता संच लावायचा हे प्रोग्रॅममधल्या टूल नंबरवरून आपोआप ठरावे म्हणून कंट्रोलरकडून तो नंबर घेण्याची जोडणी चालू आहे. तोपर्यंत काका जॉब लावतानाच बोर्डाला जोडलेल्या टॅबवर धातू निवडतात.